उच्छ्वासापासून झडपेपर्यंत : नेवासा परिसरातील ऊन पाण्याचा इतिहास

अंघोळीच्या पाण्याचा इतिहास बहुधा इंधनाच्या अंगाने सांगितला जातो. आधी काटक्या आणि गोवऱ्या, मग दगडी कोळसा आणि रॉकेल, त्यानंतर वीज, गॅस आणि ऊन अशी ती परिचित मांडणी आहे. या मांडणीत एक बदल मात्र नजरेतून सुटतो, आणि तो भांड्याच्या तोंडाशी संबंधित आहे. शेकडो वर्षे पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात तापले आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत ते पूर्ण बंद टाकीत तापू लागले. उघड्या भांड्यातली वाफ आपोआप निघून जाते. बंद टाकीतला दाब मात्र मुद्दाम ठेवलेल्या वाटेनेच बाहेर पडू शकतो. ती वाट म्हणजे गीझरच्या अंगाला, बहुधा थंड पाण्याच्या नळीवर, बसवलेली बोटाएवढी पितळी झडप, जिला बाजारात ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ किंवा ‘प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह’ म्हणतात. ही झडप का गळते, का अडकते आणि तिच्याकडे कोणी का पाहत नाही, याचे उत्तर तंत्रात जितके आहे तितकेच ते इतिहासात आहे, आणि नेवाशासारख्या नदीकाठच्या तालुक्याच्या गावी हा इतिहास विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

नेवासा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील गाव प्रवरेच्या काठी वसले असून नदीमुळे त्याचे खुर्द आणि बुद्रुक असे दोन भाग पडले आहेत. मराठी वाचकाला ते ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून माहीत असते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, हा ग्रंथ येथे सिद्ध झाला आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी तो सांगितला असे मानले जाते तो पैस खांब आजही मंदिरात आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र नेवासा याहून फार जुने ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथील लाडमोड टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर सापडले. ताम्रपाषाण काळाच्या थरांत, म्हणजे दगडाबरोबर थोडे तांबेही वापरात आलेल्या काळात, याच प्रवरेच्या वरच्या अंगाला असलेल्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी तोटीची मातीची भांडी येथे मिळाली. त्यावरच्या सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडेही आले. तांबे त्या आरंभीच्या काळी इतके दुर्मिळ होते की ते मण्यांच्या आणि लहान हत्यारांच्याच रूपाने आढळते. पाणी तापवण्यासाठी तांब्याचे मोठे भांडे घरात असणे ही त्या मानाने फार अलीकडची आणि बराच काळ सुखवस्तू घरांपुरतीच मर्यादित राहिलेली गोष्ट आहे.

नदीकाठच्या गावात अंघोळ ही मुख्यतः नदीवरची किंवा विहिरीवरची गोष्ट होती आणि पर्वणीला प्रवरासंगमावर, जेथे प्रवरा गोदावरीला मिळते, तेथे जाण्याचा परिपाठ होता. कढत पाणी रोजच्या वापराचे नव्हते. ते बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला, वृद्धांना आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी, म्हणजे तेल-उटणे लावून करायच्या अंघोळीसाठी, सगळ्यांना लागे. हे पाणी परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर किंवा स्वयंपाकाच्या चुलीच्या वैलावर, म्हणजे मागच्या बाजूच्या जोडतोंडावर, हंड्यात तापत असे. जळण म्हणून तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि ऊस आल्यावर चिपाडे वापरली जात. हंड्यातले पाणी घंगाळात, म्हणजे रुंद तोंडाच्या कड्यांच्या भांड्यात, ओतून त्यात विसण घातले जाई. विसण म्हणजे कढत पाणी सोसेल इतके निवावे म्हणून मिसळलेले गार पाणी. या सगळ्या व्यवस्थेत तापमान मोजणारे साधन माणसाचा हात होता आणि दाबाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण हंड्यावरचे झाकणसुद्धा सैल असे.

बंब ही या व्यवस्थेतली मोठी सुधारणा होती. तांब्याच्या किंवा पितळेच्या उभ्या नळकांड्याच्या मधोमध दुसरी अरुंद नळी बसवलेली असते, तिच्या तळाशी जाळी आणि जाळीवर विस्तव असतो, आणि धूर त्याच नळीतून वर निघून जातो, त्यामुळे पाणी विस्तवाच्या भोवती सर्व बाजूंनी असते व उष्णता वाया कमी जाते. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेते, हेही त्याच्या उपयोगाचे. काही बंबांना खाली तोटी असते. काहींत एका बाजूच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी उतरते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोंडाने बाहेर पडते, म्हणजे भांडे कधी रिकामे होत नाही आणि विस्तवावर कोरडे तापत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून स्थिरावलेल्या कारागिरांनी आणि नाशिकसारख्या शहरांतील तांबटांनी हे बंब ठोकून घडवले. त्यांच्या अंगावर दिसणाऱ्या हातोडीच्या खळग्यांना मठारकाम म्हणतात. ती नक्षी वाटली तरी तिचे काम मऊ तांब्याला ठोकून कडक करणे हे आहे. बंबात क्षाराचा थर बसत असे आणि तो बराच जाड झाला तरी घरातल्या कोणाला त्याची भीती वाटत नसे, कारण त्याचा परिणाम जळण जास्त लागण्यापुरताच होता. बंबाचे तोंड कायम उघडे होते, आणि पुढच्या सगळ्या कथेत याच एका गोष्टीचे महत्त्व वाढत जाते.

बंद मार्गातून पाणी नेताना दाबाला वाट द्यावी लागते, हे ज्ञान मात्र या मुलखाला नवीन नव्हते. ते फक्त घराच्या न्हाणीत आलेले नव्हते. निजामशाहीच्या काळात अहमदनगर शहराला दूरच्या विहिरींतून खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या एकात एक बसवलेल्या नळ्यांनी, जमिनीखालून पाणी आणलेले होते. याच राज्याचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, प्रसिद्ध नहर आणली. पुण्यात बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत असाच नळ आला. या मार्गांवर ठिकठिकाणी दगड-चुन्याचे उभे पोकळ मनोरे आढळतात, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात अडकलेली हवा त्यातून निघून जाते, आणि दाब वाढलाच तर पाणी मनोऱ्यात वर चढते, नळ फुटत नाही. उच्छ्वासाला ना स्प्रिंग, ना रबर, ना हलणारा भाग. त्यामुळे तो बिघडत नाही, केवळ ढासळू शकतो. जुन्या नगर-औरंगाबाद रस्त्याच्या मधल्या टापूत असलेल्या नेवाशाला मात्र अशा नळाची गरज भासली नाही, कारण प्रवरा दाराशी होती. दोन्ही बाजूंच्या शहरांत दाबाची विद्या शतकानुशतके नांदली आणि मधले गाव घागरीवर चालले, असा हा थोडासा गमतीचा भूगोल आहे.

उच्छ्वास उंचीवर अवलंबून असतो. वाफेच्या भांड्याला ती सोय नसते. सतराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वर्तुळात वावरणाऱ्या देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये हाडे मऊ होईपर्यंत शिजवणारे बंद भांडे दाखवले आणि ते फुटू नये म्हणून त्याच्या झाकणातल्या भोकावर वजन टांगलेली दांडी ठेवली. आतला दाब वजनापेक्षा वरचढ झाला की भोक उघडावे आणि दाब उतरला की पुन्हा मिटावे, ही ती कल्पना, आणि आजच्या प्रत्येक सुरक्षा झडपेचे मूळ तीच आहे. वजनाच्या जागी पुढे स्प्रिंग आली इतकेच. झडपेबरोबर झडपेशी होणारी लबाडीही जन्माला आली. वाफेच्या इंजिनाला जास्त जोर मिळावा म्हणून चालक तिच्यावर जादा वजन ठेवीत किंवा तिची स्प्रिंग आवळीत, आणि म्हणूनच १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याला चालकाच्या हाताला आवळता येणार नाही अशी झडप बनवावी लागली. हिंदुस्थानात १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम झाले आणि अखेर १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने ते एका सूत्रात आणले. या कायद्यानुसार बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे जास्तीत जास्त बारा महिने राहिली. मुदत संपली की पुन्हा तपासणी झाल्याशिवाय त्याखाली आग पेटवता येत नसे.

नेवासा तालुक्याला बंद भांड्याचा परिचय झाला तो याच वाटेने, साखरेमुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या टापूत बारमाही ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला होताच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे मुळा नदीवर धरण झाले, त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर हे नाव मिळाले, आणि तालुक्यातच सोनईला मुळा व भेंड्याला ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने निघाले. त्याआधीचे गुऱ्हाळ उघड्या काहिलीचे होते : चुलवणावर रुंद काहील, तिच्यात उकळता रस, आणि वाफ आभाळाला. कारखान्यात तीच चिपाडे आता बगॅस या नावाने बॉयलरखाली जळू लागली आणि वाफ पोलादात कोंडली गेली. कोंडलेल्या वाफेभोवती कायद्याने माणसांची एक फळी उभी केली. बॉयलरला नियमाप्रमाणे साधारणपणे दोन सुरक्षा झडपा असतात, परीक्षा उत्तीर्ण झालेला बॉयलर अटेंडंट प्रत्येक पाळीला हजर असतो, पाण्यातला कठीणपणा आधीच काढून घेतला जातो, आणि दर वर्षी हंगामापूर्वी निरीक्षकासमोर झडप उघडते की नाही हे पाहून तिला मोहोर लावली जाते. ज्या तालुक्यातले कित्येक जण कारखान्यात कामाला गेले, तेथे ‘झडप फुंकली’ म्हणजे काय हे घरोघरी माहीत झाले असणार.

घरात आलेले पहिले बंद भांडे म्हणजे प्रेशर कुकर. मुंबईत हॉकिन्स १९५९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कुकर शहरातून खेड्यात पोचला. कुकरला पापँच्याच तत्त्वावरची वजनाची शिटी असते आणि शिटीचे भोक वरणाने बुजले तर वितळून वाट देणारा दुसरा बंदोबस्तही असतो. या यंत्राबरोबर स्वयंपाकघरात एक शिस्त आली, जिची नोंद कुठल्याही इतिहासात नसली तरी ती पक्की आहे : झाकण लावण्यापूर्वी शिटीचे भोक उजेडाकडे धरून आरपार पाहायचे. ही शिस्त टिकली, कारण कुकर रोज हातात येतो, त्याचा आवाज ऐकू येतो आणि शिटी झाली नाही तर जेवण अडते. गीझरच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांत वीज गेली, पण गीझर लगेच आला नाही. मधल्या काळात बादलीत सोडायची तापती कांडी, जिला घरोघरी रॉड म्हणतात, आणि रॉकेलचा स्टोव्ह यांनी बंबाची जागा घेतली. रॉडचा धोका विजेच्या धक्क्याचा आहे, दाबाचा नाही, कारण बादलीही उघडीच. गॅसचा गीझर आला तो बंद न्हाणीघरातल्या विषारी धुराचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, वेगळा धोका घेऊन; १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनने बनवलेल्या पहिल्या गॅस गीझरलाही धुराडे नव्हते, म्हणजे तो दोषही पुरातनच म्हणायचा. सौर बंबाने मात्र नकळत जुनी वाट धरली : छतावरच्या त्याच्या टाकीला वर उघडी राहणारी नळी असते, आणि ती नळी म्हणजे उच्छ्वासच होय. जिथे ती नळी वाकून, गंजून किंवा पक्ष्यांच्या काडीकचऱ्याने बुजते तिथे टाकी फुगते किंवा चेपते. खरा खंड पडला तो विजेच्या साठवण गीझरने. घरांना दारे नसलेले शनिशिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या घरांत सर्वांत घट्ट मिटलेली वस्तू ही न्हाणीघराच्या छताखालची पंधरा किंवा पंचवीस लीटरची टाकी ठरली.

या टाकीत घडते ते असे. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते, म्हणजे पंचवीस लीटरच्या टाकीत जवळपास ३८० मिलीलीटर पाणी जास्तीचे होते. पाणी दाबून लहान करता येत नाही. ते थंड पाण्याच्या नळीतून गच्चीवरच्या टाकीकडे परतू शकले असते, पण कढत पाणी मागे जाऊ नये म्हणून तेथे एकदिशा झडप, म्हणजे पाण्याला एकाच बाजूने जाऊ देणारी झडप, बसवलेली असते. नळ बंद असतील तर दाब वाढत जातो आणि ठरलेल्या मर्यादेला, आपल्याकडच्या बहुतेक गीझरांत ती आठ बारच्या आसपास असते, सुरक्षा झडप उघडून तेवढे पाणी थेंबाथेंबाने टाकते. बार हे दाबाचे एकक असून दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे एक बार भरतो. आपल्याकडच्या बऱ्याच गीझरांत एकाच पितळी तुकड्यात ही एकदिशा झडप, दाब सोडणारी झडप आणि टाकी रिकामी करण्याची सोय एकत्र केलेली असते, त्यामुळे त्यातला नेमका कोणता भाग बिघडला हे बाहेरून लगेच कळत नाही. तापमानाची राखण वेगळ्या साधनांकडे असते : नेहमीचा थर्मोस्टॅट, तो चुकला तर वीज तोडणारा कटआउट, आणि काही गीझरांत शंभर अंशांच्या आत वितळणाऱ्या मिश्रधातूचे बूच.

बिघाड ओळखण्याची रीत या रचनेतूनच निघते. गीझर चालू असताना, पाणी तापत असतानाच थेंब पडत असतील आणि गार झाल्यावर थांबत असतील, तर तो दोष नाही; झडप आपले काम करते आहे. गीझर बंद व गार असतानाही गळती चालू असेल, तर कारण शोधावे लागते, आणि येथे नेवाशासारख्या गावच्या घराची उंची उपयोगी पडते. एक-दोन मजली घरात गच्चीवरच्या टाकीपासून गीझरपर्यंतचा उतार तीन ते सहा मीटर असतो, म्हणजे दाब अर्ध्या बारच्या मागेपुढे. प्रेशर पंप बसवला तरी तो सामान्यतः दोन-तीन बारच्या पुढे जात नाही. आठ बारला उघडणारी झडप अर्ध्या बारला गळत असेल, तर दोष पुरवठ्याच्या दाबाचा असू शकत नाही. तिच्या बैठकीवर, म्हणजे रबर जिथे टेकते त्या कडेवर, काही अडकले आहे किंवा रबर झिजले आहे. उंच इमारतींच्या शहरांसाठी लिहिलेल्या सूचनांत दाब कमी करण्याचा सल्ला आधी येतो. या भागात तो बहुधा निरुपयोगी आहे.

बैठकीवर अडकणारी गोष्ट बहुतेक वेळा क्षार असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट बनून ते पांढऱ्या खड्यांच्या रूपाने खाली बसते, आणि साठ अंशांच्या वर हा वेग चांगलाच वाढतो. बंबात जो थर जळण वाढवण्यापुरता त्रास देत असे, तोच थर येथे झडपेच्या तोंडाशी पोचतो. त्याचे दोन परिणाम होतात आणि त्यातला जो त्रासदायक वाटतो तो कमी धोक्याचा असतो. खडा बैठकीवर अडकला तर झडप मिटत नाही आणि सतत गळते. फरशी ओली होते, घरातले वैतागतात. थर झडपेच्या तोंडावरच चढला तर ती उघडत नाही. गळती थांबते, सगळे समाधानी होतात, आणि टाकीला वाट उरत नाही.

अशा वेळी थर्मोस्टॅट आणि कटआउटही चिकटले तर काय होते हे कारखान्याच्या भाषेत सांगता येते. आठ बारच्या दाबाखाली पाणी सुमारे १७५ अंशांपर्यंत उकळत नाही. टाकी फाटून तो दाब एकाएकी गेला की त्या पाण्याचा जवळपास सातवा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशेपट जागा लागते. न्हाणीघराला ती जागा नसते. हे क्वचित घडते, कारण तीन राखणदार एकाच वेळी निकामी व्हावे लागतात; पण त्या तिघांपैकी एकाला हाताने निकामी करण्याची रीत सर्वत्र आढळते. गळणाऱ्या झडपेच्या तोंडात बूच ठोकणे, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून बोळा मारणे, निचऱ्याची नळी दुमडून तारेने बांधणे, किंवा झडप काढून साधा निपल लावणे, ही सगळी त्या एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनचालकाच्या जादा वजनाचीच भावंडे आहेत.

दुरुस्तीचा क्रम साधा आहे. आधी गीझरची वीज मुख्य स्विचपासून तोडावी आणि पाणी निवू द्यावे. झडपेतून वाफ येत असेल किंवा टाकीत खदखदल्याचा आवाज येत असेल, तर वीज तोडून तेथून दूर व्हावे आणि झडपेला हात लावू नये, कारण तो थर्मोस्टॅटचा बिघाड आहे. निवल्यावर निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवून झडपेचा खटका, म्हणजे तिच्यावरची लहान दांडी, उचलावा. पाणी जोरात आले आणि खटका सोडताच थांबले, तर झडप ठीक आहे. पाणी आले पण नंतर ठिबकत राहिले, तर खटका चार-सहा वेळा उचल-सोड करून खडा धुऊन काढण्याचा प्रयत्न करावा. तरीही ठिबकले तर झडप बदलावी. खटका उचलूनही पाणी आलेच नाही, तर झडप किंवा नळी बुजली आहे आणि ती बदलेपर्यंत गीझर लावू नये. नवी झडप जुनीच्याच दाबाची, टाकीवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर न जाणारी हवी. गार पाण्याच्या नळातून गरम पाणी येऊ लागले, तर एकदिशा झडप गेली असे समजावे. टाकीच्या अंगच्या बुचातून पाण्याची धार लागली, तर वितळणारे बूच वितळले आहे. ते नवे बसवण्यापूर्वी टाकी इतकी तापली का, हे शोधले पाहिजे. टाकीतला गाळ वर्षातून एकदा काढणे आणि बोअरऐवजी शक्य तेथे नळाचे पाणी गीझरला देणे, या दोन गोष्टींनी झडपेचे आयुष्य वाढते. थर्मोस्टॅट साठच्या खाली ठेवला तर क्षारही कमी बसतो आणि वीजही वाचते.

कायद्याने मात्र या टाकीकडे पाहिलेले नाही, आणि त्याला कारण आहे. बॉयलर कायद्यातील २००७ च्या दुरुस्तीनंतरच्या व्याख्येतून पंचवीस लीटरपेक्षा लहान, तसेच शंभर अंशांच्या आत पाणी तापवणारी भांडी वगळली गेली. भारतीय मानक ब्यूरोचे साठवण गीझरसाठीचे आयएस २०८२ हे मानक गीझर कसा बनावा हे ठरवते. तो भिंतीवर चढल्यानंतर दहा वर्षांनी त्याच्या झडपेचे काय झाले, हे त्याच्या कक्षेत येत नाही. घरोघरी निरीक्षक पाठवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. तरी सोनई-भेंड्याच्या बॉयलरभोवती जी फळी आहे तिच्यातला एकही माणूस न्हाणीघरात नसतो, आणि उघड्या तोंडाच्या बंबाने ज्यांना शिकवले त्या पिढ्यांनी बंद टाकीसाठी नवी सवय घडवलेली नाही, हे मान्य करावे लागते.

गीझरचा हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो. घराची झाडलोट करताना निचऱ्याच्या नळीचे तोंड मोकळे आहे ना ते पाहावे आणि गार टाकीवर झडपेचा खटका एकदा उचलून पाणी येते याची खात्री करून घ्यावी. गावातल्या प्लंबरांनी आणि वायरमननी एवढे मात्र आवर्जून करावे, की गळती थांबवण्यासाठी झडपेत बूच मारून द्या असे गिऱ्हाईक म्हणाले, तर ते काम नाकारावे आणि झडप बदलून द्यावी.